हाराचे खिळे

गारखेड्यात उसाच्या रसवंतीला लागून कडूबाई दाभाडेचं फ्रेमचं दुकान आहे. पाटीवर ‘सम्यक फोटो फ्रेम’ असं रंगवलेलं असलं तरी सगळे त्याला कडूबाईचं दुकानच म्हणतात. कुणी फोटो घेऊन आलं की ती आधी पदराला बोटं पुसते, मग फोटो हातात घेते. पट्टी सोनेरी की काळी, काच साधी की बिनचकाकीची, एवढं विचारून होतं. आणि अगदी शेवटी, दुसरीकडं बघत, हळूच विचारते, “खिळे लावू का?”

हा प्रश्न कळायला घरात मयत झालेली असावी लागते. फ्रेमच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन बारीक पितळी खिळे ठोकले की त्यांना हार अडकवता येतो. लग्नाच्या फोटोला ते लागत नाहीत, बारशाच्या फोटोला लागत नाहीत. ज्याला लागतात त्याच्याबद्दल “हे गेले का हो?” असं तोंडावर विचारणं कडूबाईला जमत नाही. ती खिळ्यांचं विचारते. समोरचा मान हलवतो, कधी नुसतंच खाली बघतो, तेवढं पुरतं. ही रीत तिच्या नवऱ्याची, पुंजारामची. त्याच्या स्वतःच्या फोटोला खिळे ठोकायची वेळ आली तेव्हा मात्र तिला कुणी विचारलं नाही. तिनंच ठोकले.

खिळे लागले की खाली नावाची पट्टी येते. हिंदूंच्या घरचा फोटो असेल तर ‘कै.’, बौद्धांच्या घरचा असेल तर ‘कालकथित’. कडूबाईचं अक्षर लई वळणदार. शाळा तिनं चौथीत सोडली असली तरी आसपासच्या निम्म्या गेलेल्या माणसांची नावं तिच्या हातची आहेत.

आणि दुकानाच्या मागच्या भिंतीवर आहेत न नेलेले. माणूस गेला की पहिल्या आठवड्यात घाईनं फ्रेम टाकायची आणि तेराव्यानंतर तिकडं फिरकायचंच नाही, अशी मंडळी कमी नसतात. भावाभावांची भांडणं होतात, घरं विकली जातात, सुना म्हणतात आमच्या हॉलमध्ये शोभत नाही. ते सगळे सासरे आणि आत्या कडूबाईच्या मागच्या भिंतीवर लटकलेले असतात, भिंतीकडं तोंड करून. कुणी विचारलं तर ती म्हणते, “सरळ लावले की गिऱ्हाइकाकडं बघत बसत्यात. वाट बघतात ना बिचारे, आपला माणूस आला का म्हणून.”

आता हे ऐकून कुणाला वाटेल की बाई भुताखेतांतली आहे. अजिबात नाही. करमाडच्या तिच्या माहेरच्या घरातले देव तिच्या बापानं ती तान्ही असतानाच विहिरीत सोडले होते. तिला बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. शेजारणींनी लिंबू-मिरची दारात बांधली की ती मिरची भाजीला घेते. जुन्या काळातलं तिच्याकडं एकच उरलं, ते म्हणजे नाव. तिच्याआधी आईची चार लेकरं पाळण्यातच गेली होती. ती जन्मली तेव्हा सुइणीनं तिच्या ओठांना कडुलिंबाच्या पाल्याचा रस लावला आणि म्हणाली, हिला कडू म्हणा. मरण येतं ते गोड लेकरासाठी येतं, कडू तोंडात घेऊन थुंकून टाकतं. देव गेले, नाव राहिलं. पुढं आयुष्यभर लोकांनी त्या नावावरून थट्टा केली. कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, हे तिला इतक्यांदा ऐकवून झालंय की ती आता आधीच स्वतःहून म्हणून टाकते.

ही नावाची गोष्ट तिनं शंतनूला सांगितली, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

शंतनू हा समोरच्या सोसायटीतल्या अंबडकरांचा मुलगा, सहावीतला. बाप मधुसूदन शेंद्र्याच्या कंपनीत, आई अंबिका बँकेत. शाळा सुटल्यावर आई येईपर्यंतचा वेळ तो कडूबाईच्या दुकानात काढायचा, कारण बाकी पोरांसारखं मैदानावर जायची त्याला बंदी होती. त्याच्या काळजात जन्मापासून दोष होता. जिना चढला तरी ओठ निळे पडायचे, जांभूळ खाल्ल्यासारखे. पोरगं गोरंगोमटं, बोलकं, आणि पळता येत नाही म्हणून डोकं भलतंच पळणारं.

पळता न येणाऱ्या पोरानं काय करावं? शंतनू पत्ते गोळा करायचा. खेळायचे पत्ते नव्हेत. मोबाईलवरच्या एका खेळातली जनावरं छापलेले जाड, चकचकीत पत्ते, पुडीत येणारे. पुडी फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, त्यामुळे पोरं वेडी झालेली. एका जनावराच्या शेपटीला आग, एकाच्या पाठीवर डोंगर. कडूबाईला त्यातलं काही कळायचं नाही, पण काचा कापता कापता ती सगळं ऐकून घ्यायची.

त्यातला एक पत्ता मात्र तिच्या लक्षात राहिला. त्याचं नाव किरूमो. घुबडाचं तोंड, मांजराचं अंग, पाठीवर पाकोळीचे पंख. केशरी रंगाचा, आणि डोळे बशीएवढे. पत्ता जरा तिरका केला की ते डोळे मिटायचे, सरळ केला की उघडायचे. छापण्याचीच काहीतरी करामत असणार. त्याच्या पुण्याच्या मावसभावालाही हा पत्ता कधी मिळाला नव्हता म्हणे, आणि शंतनूला एका साध्या पुडीत सापडला. त्या दिवसापासून त्यानं तो काळ्या पाठीच्या प्लास्टिकच्या कव्हरात घालून छातीजवळच्या खिशात ठेवला.

“याची पॉवर काय माहितीय का आजी?” त्यानं एकदा विचारलं. “आपण मरणार असलो ना, की हा आपल्या जागी मरतो. एकदाच. मग आपण वाचतो.”

“आन् त्याला चालतं व्हय ते?”

“त्याचं कामच ते आहे.”

कडूबाईला हसू आलं. “माझ्या आईनं बी अशीच फसवाफसवी केली व्हती,” ती म्हणाली, आणि बोलण्याच्या ओघात तिनं नावाची गोष्ट सांगून टाकली. पोरगं काचेच्या तुकड्यांकडं बघत बसलं. मग म्हणालं, “म्हणजे मरणाला नाव वाचता येतं.”

“येत असंल बाबा. माझं वाचून गेलं माघारी.”

दिवाळीची सुट्टी संपता संपता डॉक्टरांनी सांगितलं की आता थांबता येणार नाही, ऑपरेशन करावं लागेल. अंबिका दुकानाच्या पायरीवर येऊन रडली. मधुसूदननं घृष्णेश्वराला अभिषेक बोलला. आणि शंतनू एका दुपारी एकटाच आला, हातात मोगऱ्याचा छोटा गजरा घेऊन. त्यानं खिशातून किरूमो काढला आणि काउंटरवर ठेवला.

“आजी, याला फ्रेम करायची.”

हात कामात होते. कडूबाईनं काळी पट्टी काढली, माप घेतलं, काचेवर कापायचा हिरा फिरवला. आणि मग, वर्षानुवर्षांची जीभ ती, तिनं दुसरीकडं बघत विचारलं, “खिळे लावू का?”

बोलून गेली आणि तिला स्वतःच्याच कानफटात मारल्यासारखं झालं. जित्या लेकराच्या वस्तूला हे विचारायचं? इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

पण शंतनूनं मान हलवली. अगदी तशीच, जशी बाकीचे हलवतात. खाली बघून.

“हो,” तो म्हणाला. “आणि खाली नाव माझं लिहायचं.”

“गप रे! काहून असलं अभद्र बोलतो?”

“आजी, ऐका ना. फोटो किरूमोचा, नाव माझं, वर हार. मरण आलं की बघेल, वाचेल आणि म्हणेल, हा तर आधीच गेला. मग माघारी जाईल. तुमच्या वेळी गेलं तसं.”

कडूबाईनं हातातला हिरा खाली ठेवला. तिला रागवायचं होतं. पण पोराचे ओठ निळे होते आणि डोळ्यांत रडं नव्हतं, नुसता हिशेब होता. घरात कुणी त्याच्यासमोर मरणाचं नाव काढत नव्हतं. सगळे म्हणत होते, काही होत नाही राजा, झोपशील आणि उठशील. पोरगं एकट्यानंच बसून आपली सोय लावत होतं, आणि ती लावायला ते इथं आलं होतं, तिच्याकडं, कारण मेलेल्या माणसांचं काम हीच बाई करते हे त्यानं रोज बघितलं होतं.

“नाव मी लिहिणार नाय,” ती म्हणाली. “हात तोडला तरी नाय.”

“मग मी लिहितो.”

त्यानं तिच्या डब्यातली कोरी नावपट्टी घेतली आणि स्केचपेननं लिहायला लागला. कडूबाईला वाटलं होतं तो ‘कै.’ लिहील. त्यानं लिहिलं ‘कालकथित शंतनू’.

“आरं, ते आमच्यात लिहितात. तुमच्यात नाय.”

“माहितीय मला,” पोरगं म्हणालं. “म्हणजे त्याला वाटेल हा तुमच्या घरातला आहे. आमचं घर त्याला सापडणारच नाही.”

यावर कडूबाई हसली. मग हसू अर्ध्यातच राहिलं. तिनं त्याला अडवायला हवं होतं, पट्टी हिसकावून फाडायला हवी होती. पण ती नुसती बघत राहिली, आणि त्यानं पट्टी कव्हरात, किरूमोच्या पाठीमागं सरकवली, माणसांना दिसायला नको म्हणून. समोरून दिसायचं फक्त जनावर. तिनं काच बसवली, पाठीला पुठ्ठा लावला, पिना ठोकल्या. शेवटी दोन पितळी खिळे. ठोकताना तिचा हात हलका पडला नाही, एवढंच तिला नंतर आठवलं.

शंतनूनं टाचा उंच करून गजरा अडकवला. दोघांनी बघितलं. किरूमोचे डोळे मिटलेले होते.

“तिरका झाला असंल,” ती म्हणाली आणि फ्रेम सरळ केली. डोळे मिटलेलेच. उजवीकडं कलवली, डावीकडं कलवली, उन्हात धरली. डोळे उघडले नाहीत.

“गेला,” शंतनू म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. “आजी, घरी नको. आई ओरडेल. तुमच्या न नेलेल्यांत ठेवा.”

तिनं ती छोटी फ्रेम मागच्या भिंतीवर, सासऱ्यांच्या आणि आत्यांच्या रांगेत अडकवली. भिंतीकडं तोंड करून.

ऑपरेशनच्या दिवशी कडूबाईनं दुकान उघडलं खरं, पण कामात चित्त लागेना. दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, रसवंतीचं चाक थांबलं, घुंगरू थांबले, आणि भर दुपारच्या त्या शांततेत तिला मोगऱ्याचा वास आला. गजरा वाळून कोळ झाला होता. ताजा वास यायचं काही कारण नव्हतं.

मग आवाज आला. काचेवर पाकोळी धडकते तसा, बारीक. थांबून थांबून. तिनं मागं वळून बघितलं. सगळ्या फ्रेमा होत्या तशा होत्या, भिंतीकडं तोंड केलेल्या. एक सोडून. किरूमोची फ्रेम दोरीवर फिरून सरळ झाली होती, आणि ते मिटल्या डोळ्यांचं तोंड थेट तिच्याकडं होतं. वारं नव्हतं. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

कडूबाई जागेवरून उठली नाही. उठवलंच नाही तिला. पंखा परत फिरू लागेपर्यंत ती हातोडी मुठीत धरून बसून होती.

संध्याकाळी अंबिकाचा फोन आला. रडत होती, हसत होती. “मावशी, झालं हो सगळं नीट! पण काय सांगू, मशीनवरून काढलं तर काळीज सुरूच होईना. डॉक्टरसुद्धा घाबरले. दुपारची वेळ. आणि मग आपोआप लागलं की धडधडायला.”

“लई बरं झालं, ताई. लई बरं झालं,” कडूबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. रडून झाल्यावर तिनं धीर केला आणि फ्रेम खाली काढली. किरूमोचा केशरी रंग उतरला होता. ऊन लागलं म्हणावं तर तो भिंतीकडं तोंड करून होता. तोंडाभोवतीचा भाग तर पार निळा पडला होता. जांभळासारखा.

तिचा पोरगा अतुल वाळूजला कंपनीत आहे, शिकलेला, वाचणारा. त्याला तिनं रात्री जेवताना थोडं सांगून बघितलं. तो म्हणाला, “आई, हलक्या प्रतीची छपाई असते. शाई उडते. तू आन् हे बोलायलीस?” तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

म्हणूनच, शंतनू घरी आल्यावर अंबिका जेव्हा म्हणाली, मावशी, तो सारखं तुमच्याकडच्या पत्त्याचं विचारतोय, संध्याकाळी येते घ्यायला, तेव्हा कडूबाईनं लगेच हो म्हटलं. लेकराची वस्तू लेकराला द्यायची, यात काय एवढं? तिनं फ्रेम उलटी ठेवली, पक्कड घेतली आणि पहिली पिन उपसली. दुसरी उपसली. पुठ्ठा सैल झाला. तिनं फ्रेम सुलटी करून बघितलं.

किरूमोचा एक डोळा उघडला होता.

पूर्ण नाही. झोपेतून उठताना लेकरू करतं तेवढाच, चिरेएवढा. फ्रेम सरळ होती, आणि तिनं कलवली तरी तो डोळा तसाच राहिला. तेवढ्यात मोबाईल वाजला. अंबिका होती. “मावशी, आज नाही येत. शंतनूला एकदम थंडी वाजून ताप भरलाय, अंग नुसतं उडतंय. दवाखान्यात निघालोय.”

कडूबाईनं त्या पिना परत कशा ठोकल्या ते तिचं तिला माहीत. अंगठ्यावर हातोडी बसली, नख काळंनिळं झालं. तिनं पुठ्ठ्याच्या चारी कडांना सरस लावला, वरून चिकटपट्टी मारली, आणि फ्रेम छातीशी धरून बसली. तासाभरात फोन आला की ताप उतरला, पोरगं बिस्कीट मागतंय, डॉक्टर म्हणाले ऑपरेशननंतर होतं असं कधीकधी.

“होतं असं,” अतुलही म्हणाला.

“व्हय,” कडूबाई म्हणाली. आणि मनाशी ठरवलं की ही फ्रेम आता आपल्या हयातीत उघडायची नाही. खरं काय, खोटं काय, हे तपासून बघायला लेकराचा जीव पणाला लावायचा असतो का? दुसऱ्यानं लावावा. तिला नव्हता लावायचा. ती छोटी फ्रेम तिनं मागच्या भिंतीवरच एका मोठ्या फ्रेमच्या आड, कुणाला दिसणार नाही अशी टांगली.

काही आठवड्यांनी शंतनू स्वतः आला. चालत नव्हे, पळत. ओठ गुलाबी. कडूबाईला त्याला बघून इतका आनंद झाला की हातातली काच निसटली.

“आजी, किरूमो द्या ना. आता खेळायचंय त्याच्याशी.”

“आरं, तो तर गेला ना?”

“ते मागच्या डावात. पुढचा डाव सुरू झाला की मेलेले सगळे परत येतात. नियमच आहे.”

कडूबाईनं मागच्या भिंतीकडं बघितलं. तिथं इतकी माणसं लटकलेली होती, त्यातलं एकही कुठल्या डावात परत आलं नव्हतं.

खरं सांगावं का? सांगितलं तर पोरगं आयुष्यभर त्या पत्त्याला भीत जगेल. जरा ताप आला की पत्ता आठवेल. आणि आईबापांना सांगितलं तर ते एक तर हसतील, नाही तर फ्रेम तिथंच फोडतील. तिनं वाकून निसटलेली काच उचलली. मग म्हणाली, “हरवला बाळा. आवराआवरीत रद्दीत गेला बघ.”

शंतनूचा चेहरा तिनं त्याच्या आजारपणातसुद्धा एवढा उतरलेला बघितला नव्हता. “खोटं,” तो म्हणाला. “तुम्ही विकला! पुण्याचा दादा म्हणत होता, तो लई महागडा आहे. तुम्ही विकला माझा किरूमो!” आणि रडत, पळत, गुलाबी ओठांनी पळत तो गेला.

संध्याकाळी अंबिका आली. पायरी चढली नाही, खालीच उभी राहिली. रसवंतीवर माणसं होती, ऐकत होती.

“मावशी, पत्त्याचं काही नाही हो. मागितला असता तर आम्हीच दिला असता. पण लेकराशी खोटं? तुमच्या भरवशावर मी माझं पोरगं इथं ठेवत होते. सगळे मला म्हणत होते, त्यांच्याकडं कशाला बसवतेस, शेवटी ही माणसं...” पुढचं तिनं गिळलं. गिळलेलंही ऐकू यायचं ते आलंच.

कडूबाईचं अंग जळलं. बापानं ताठ मानेनं जगायला शिकवलं होतं तिला, उभ्या जन्मात कुणाच्या सुतळीच्या तोड्याला हात लावला नव्हता. फ्रेम तिच्या पाठीमागं चार हातांवर होती. काढून समोर धरली असती तर अंबिकाला शब्द न् शब्द परत घ्यावा लागला असता. तिच्या जिभेवर आलंही होतं. तिला त्या पट्टीवरचं पोराचं अक्षर आठवलं. ‘कालकथित’. तिच्या घरातलं म्हणून त्यानं स्वतःला लिहून ठेवलं होतं. ज्याला त्या घराचा विश्वास वाटला त्याच्या आईला आज त्याच घराची किळस वाटत होती, आणि ते पोरगं मात्र जिवंत होतं.

“चुकलं, ताई,” कडूबाई म्हणाली. “गेला माझ्याकडून.”

त्यानंतर सोसायटीतली गिऱ्हाइकं तुटली. बायका रस्ता बदलून जायला लागल्या. कारल्याची म्हण परत ऐकू यायला लागली, यावेळी थट्टा नव्हती. अतुल चिडला, म्हणाला, असला पत्ता ऑनलाईन मागवून त्यांच्या तोंडावर फेकतो. तिनं त्याला शपथ घालून थांबवलं. अंबडकरांनी पोराला सायकल घेऊन दिली. तो रोज दुकानासमोरून जायचा, घंटी वाजवत, पण मान दुसरीकडं वळवून. कडूबाई ती घंटी ऐकेपर्यंत दुपारचा चहा घेत नसे.

एकच घोर राहिला. आपण गेल्यावर काय? अतुल दुकान आवरेल, न नेलेल्यांची रद्दी करेल, ती छोटी फ्रेम हातात घेईल आणि कुतूहलानं पुठ्ठा उचकटेल. शिकलेला माणूस, तो उचकटणारच. कुठं ठेवावी म्हणजे कुणी उघडणार नाही? तिनं पुष्कळ विचार केला आणि उत्तर तिच्या धंद्यातच सापडलं. इतक्या वर्षांत फुटक्या काचा बदलायला आल्या, वाळवी लागलेल्या पट्ट्या आल्या, पण आईच्या फोटोच्या पाठीमागचा पुठ्ठा एकाही पोरानं स्वतःच्या हातानं उघडलेला तिनं बघितला नव्हता.

ती स्टुडिओत जाऊन आली. पांढरी साडी, ताठ मान. मोठा फोटो काढून आणला. मग एका दुपारी तिनं खोल पेटीची फ्रेम केली, आत किरूमोची फ्रेम जशीच्या तशी ठेवली, वाळल्या गजऱ्यासकट, आणि तिच्यावर आपला फोटो बसवला. आता जे कुणी वाचायला येईल त्याला आधी तिचं तोंड ओलांडावं लागणार होतं. काच लावली. पिना ठोकल्या. नावाच्या पट्टीवर वळणदार अक्षरात लिहिलं, ‘कालकथित कडूबाई पुंजाराम दाभाडे’. तारखेची जागा कोरी सोडली.

मग तिनं डबीतून दोन पितळी खिळे काढून तळहातावर घेतले. जित्या माणसाच्या फोटोला खिळे नाहीत, हा तिचा एकच नियम. आतून, तिच्याच फोटोच्या पाठीमागून, काचेवर पाकोळी धडकल्यासारखा बारीक आवाज आला आणि थांबला. बाहेर घंटी वाजली. सायकल जोरात आली, तशीच जोरात पुढं गेली.

कडूबाईनं दुसरीकडं बघितलं आणि हळूच विचारलं, “खिळे लावू का?”

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिनं मान हलवली, आणि हातोडी उचलली.